चोवीस अंशांचा फरक

“शास्त्रीबुवा, ही प्रत अस्सल नाही, असं लिहिलंय हो इथं.”

निवृत्त जज्ज इनामदारांनी चष्मा कपाळावर चढवला, खुर्चीतून पुढं वाकून कॉम्प्युटरच्या पडद्यावरचं इंग्रजी पुन्हा एकदा वाचलं आणि खात्री करून घेतली. आयुष्यभर पुरावे तपासलेला माणूस एका वाचनावर थोडाच विश्वास ठेवणार!

पडद्यावरचं महालक्ष्मीचं चित्र गायब झालं होतं. त्या जागी मिट्ट काळोख, आणि उजव्या कोपऱ्यात दोन ओळींत, अत्यंत सभ्य भाषेत, आमची विंडोज चोरीची असल्याचं जाहीर केलेलं. शेजारी गणपती, त्याच्यासमोर उदबत्ती आणि मध्ये जज्जसाहेबांच्या नातीची अर्धवट पत्रिका.

“पत्रिका अस्सल आहे,” काका म्हणाले. “मशीनकडं लक्ष देऊ नका.”

“पण पत्रिका मशीननंच काढली ना?”

काकांनी उपरण्यानं कपाळ पुसलं. शनीपासून केतूपर्यंत सगळ्यांच्या वतीनं उत्तरं देणाऱ्या माणसाला एका कोपऱ्यातल्या दोन ओळींनी घाम फोडला, आणि मला मेलीला हसू दाबताना ठसका लागला.

काका म्हणजे नरहरशास्त्री देवस्थळी. कऱ्हाडच्या सोमवार पेठेत त्यांचं ज्योतिष कार्यालय होतं. मी त्यांची पुतणी वैजयंती. माझे आईवडील मी चार वर्षांची असताना घाटातल्या एका अपघातात गेले. काका ब्रह्मचारी. वेणी घालणं म्हणजे बैलाचं दावं वळणं नव्हे, हे त्यांना कळेपर्यंत मी आठवीत गेले होते. बी.कॉम. झाल्यावर मी कार्यालयात बसू लागले. कॉम्प्युटर मी चालवायची, टाइपिंग माझं, चहा माझा. आणि शिवाय मी, गावाच्या मते, ज्योतिषशास्त्र खरं असल्याचा जिवंत पुरावा होते.

ते असं. माझ्या पत्रिकेत सातव्या स्थानी मंगळ. सातवं स्थान लग्नाचं. तिथं मंगळ असलेली मुलगी नवऱ्याच्या जिवावर उठते, असं शास्त्र म्हणतं. मुलीचं मत कुणी विचारत नाही. माझ्यासाठी अकरा स्थळं आली. अकराही वेळा मुलाकडची मंडळी म्हणाली, पत्रिका देवस्थळी शास्त्र्यांनाच दाखवू. आणि अकराही वेळा माझ्या सख्ख्या काकांनी आपल्या वळणदार अक्षरात लिहून दिलं : ‘कन्येस सप्तमस्थ मंगळ. योग नाही.’ खाली सही.

त्याचा परिणाम एवढाच झाला, की कार्यालय जोरात चालू लागलं. सख्ख्या पुतणीला ज्यानं सोडलं नाही, तो आपल्याशी काय खोटं बोलणार! लोक उंब्रजहून, पाटणहून यायचे, मला एकदा आपादमस्तक न्याहाळायचे आणि निर्धास्त होऊन आत जायचे. दुकानांना पाट्या लावाव्या लागतात. काकांनी मला खुर्ची देऊन बसवलं होतं.

जज्जसाहेब गेल्यावर काकांनी निर्णय दिला. “चोरीची वस्तू गणपतीशेजारी नको.”

“मग खरी विकत घेऊ.”

काकांनी पंचांग उघडलं, बोट फिरवलं, मिटलं. “सध्या खरेदीला योग नाही.”

“बरं.”

“फुकट, पण चोरीचं नाही, असं काही मिळत नाही का?”

“अशी हवा मिळते, काका.”

पण असं मिळत होतं. कॉम्प्युटरच्या दुकानदारानं मला इंजिनीअरिंग कॉलेजातल्या एका लॅब असिस्टंटचा नंबर दिला. वर म्हणाला, “जरा डोकं खाईल, पण काम चोख करेल.” अशा रीतीनं श्रीरंग उपळेकर आमच्या कार्यालयात आला. पाठीला सॅक, खांद्यावर कोंडा आणि खिशात पेन ड्राइव्ह. विंडोजच्या जागी चालणारं लिनक्स फुकट मिळतं, कायदेशीर असतं आणि माणसाला स्वतंत्र करतं, असं तो सहा वर्षं कऱ्हाडभर सांगत हिंडत होता. ऐकून घ्यायला कुणी तयार नव्हतं. आम्ही त्याला आपण होऊन बोलावलं, तेव्हा त्याचे डोळे पाणावले असावेत, असा मला संशय आहे.

“तुम्ही कॉम्प्युटरवर काय काय करता, मॅडम? यादी द्या. प्रत्येकाला पर्याय आहे.”

मी यादी दिली. पत्रं, मुहूर्तांची टिपणं : त्याला लिब्रेऑफिस. फोटो कापणं, उजळ करणं : त्याला गिंप. नवऱ्यामुलाचा रंग दोन छटांनी वाढवणं, हे आमच्याकडचं मोठं काम. तेही तिथं होत होतं. अँटिव्हायरस लागणारच नाही म्हणाला. एवढं बोलून त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, की जणू देवीच्या रोगावर लस त्यानंच काढली. काकांच्या पत्त्यांच्या डावालाही पर्याय निघाला, आणि तो जुन्यापेक्षा बरा आहे असं काकांनी दुपारी झोप टाळून जाहीर केलं.

“आणि पत्रिका?” मी विचारलं.

इथं गाडी अडली. आमचं पत्रिकेचं सॉफ्टवेअर पुण्याहून आलेलं. ते विंडोजशिवाय चालत नसे, आणि मशीनच्या पाठीत एक प्लॅस्टिकची किल्ली खोचल्याशिवाय उघडत नसे.

“वाइन टाकून बघू,” श्रीरंग म्हणाला.

काका आतून गरजले, “कार्यालयात चालणार नाही!”

“तसलं नाही हो शास्त्रीबुवा. तो एक प्रोग्राम आहे. विंडोजवरची सॉफ्टवेअरं त्याच्यामुळं इकडं चालतात.”

“नाव बदलून आणा.”

नाव तेच ठेवून आणलं, पण ती प्लॅस्टिकची किल्ली काही ओळख दाखवेना. चार दिवस खटपट केल्यावर श्रीरंगनं इंटरनेटवरून दुसरंच काही शोधून काढलं. परदेशातल्या कुणा हौशी माणसानं फावल्या वेळात लिहिलेला, फुकट वाटलेला ग्रहगणिताचा प्रोग्राम. त्यात पत्रिका गोल निघायची.

“हा भोपळा कसला?” काका म्हणाले.

श्रीरंगनं चौकट आणली. ग्रहांची नावं इंग्रजीत होती, तर प्रोग्रामची फाइल उघडून ती मराठीत केली. “हे फ्री सॉफ्टवेअर आहे, आपल्याला हवं तसं बदलता येतं,” हे वाक्य तो दिवसातून आठ वेळा म्हणायचा. गुणमेलनाची सोय त्यात मुळीच नव्हती, परदेशी माणसं पत्रिका न जुळवता लग्नं करतात म्हणे. तर काकांनी छत्तीस गुणांचं कोष्टक तोंडपाठ सांगितलं, मी लिहून घेतलं, आणि कॉलेज सुटल्यावर दोन संध्याकाळ बसून श्रीरंगनं ती सोयही केली. तिसऱ्या दिवसापासून मी ‘मॅडम’ची ‘वैजयंती’ झाले आणि तो ‘अहो उपळेकर’चा ‘अरे’ झाला. तारीख आठवत नाही. काकांना विचारली असती तर त्यांनी नक्षत्रासकट सांगितली असती, इतके कान देऊन ते आत बसलेले असायचे.

पहिली चाचणी म्हणून मी माझीच जन्मवेळ भरली. माझी पत्रिका मला पाढ्यांसारखी पाठ. मेष लग्नरास, समोर तुळेत मंगळ, सातवा.

पडद्यावर आलं : वृषभ लग्नरास. मंगळ सहावा.

मी पुन्हा भरलं. पुन्हा सहावा. सहाव्या मंगळाचं कुणालाही काही वाटत नाही. सहाव्या मंगळाच्या मुली राजरोस लग्नं करतात, नवऱ्याशी भांडतात आणि त्याचं खापर मंगळावर न फुटता सासूवर फुटतं.

“काका!” माझा आवाज चिरकला. “माझी लग्नरास वृषभ दाखवतंय. मंगळ सहावा!”

काका झोपाळ्यावर होते. पडद्याकडं त्यांनी पाहिलंही नाही. “चोवीस अंश पुढं गेलंय ते. सायन धरलंय तुमच्या साहेबानं. निरयन करा.”

श्रीरंगला काही कळेना, तेव्हा काकांनी सुपारी कातरता कातरता समजावलं. आपण राशी मोजतो ताऱ्यांपासून; ते निरयन. पाश्चात्त्य मोजतात मार्चात दिवस-रात्र सारखी होते त्या बिंदूपासून, ते सायन. दोन्ही मोजण्यांत आता चोवीस अंशांचा फरक पडलाय. माझी लग्नरास मेषेच्या दहा अंशांवर, चोवीस मिळवले की ती पुढच्या राशीत जाते. मंगळ तुळेच्या दोनच अंशांवर, तो चोवीस मिळवूनही तुळेतच राहतो. म्हणून साताचा सहा.

“म्हणजे खरं काय?” श्रीरंगनं विचारलं.

“आकाशात मंगळ एकच आहे,” काका म्हणाले. “पण आपल्याकडं निरयन चालतं.”

श्रीरंगला सेटिंग सापडलं. एका चौकोनात खूण केली, की निरयन. काढली, की सायन. काका उठून आले, चष्मा नाकावर सरकवून पाहिलं. “एवढंच? एवढ्याशा चौकोनात?”

“एवढंच.”

“आमचे आजोबा यावर चार दिवस वाद घालायचे,” असं म्हणून ते परत झोपाळ्यावर गेले.

मंगळ पुन्हा सातव्या घरात जाऊन बसला. दहा मिनिटं का होईना, मी बिनमंगळाची मुलगी होते. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं होतं.

पुढच्या आठवड्यात श्रीरंगनं प्रिंटरशी उगाच खटपट करत विषय काढला.

“आईला सांगितलंय मी.”

“काय?”

“तुझ्याबद्दल.”

“मग?”

“ती म्हणाली, मुलगी चांगली आहे. पत्रिका देवस्थळी शास्त्र्यांना दाखवू, ते म्हणतील तसं.”

मी इतकी हसले, की काकांनी आतून खाकरून दाखवलं. हसणं संपलं तेव्हा मला रडू यायला लागलं होतं आणि श्रीरंग कोऱ्या कागदांचा गठ्ठा मला रुमालासारखा देत होता.

“तिला नाही म्हण,” मी म्हटलं. “म्हणावं, पत्रिका बघायची नाही.”

“वडील गेल्यापासून तिनं प्रत्येक गोष्ट तुझ्या काकांना विचारून केलीय. माझी नोकरी, घराचं दार. ती मानणार नाही, आणि तिला दुखवून मी काही केलं तर तू तरी त्या घरात सुखानं राहशील का?” मग त्यानं आवाज खाली आणला. “वैजयंती, एक टिचकी आहे फक्त. त्या चौकोनात.”

“नाही.”

“सायन हेही गणितच आहे. खोटं नाही ते.”

“खाली सही काकांची असते. त्यांच्या सहीखाली मी असला कागद सरकवणार नाही.”

“मग बारावं स्थळ होऊ का मी?”

“हो,” मी म्हटलं. हे म्हणताना मी फार थोर वगैरे नव्हते. अकरा वेळा या सहीनं माझं आयुष्य अडवलं होतं. बाराव्यांदा ती खोटी ठरवली असती, तर आधीचे अकरा नकार कशासाठी भोगले, असा प्रश्न आला असता. मला तो प्रश्न परवडणारा नव्हता. श्रीरंग तीन दिवस आला नाही. मी तीन दिवस स्वयंपाक केला आणि काकांनी तो मुकाट्यानं खाल्ला, यावरून तो कसा झाला असेल याची कल्पना यावी.

गुरुवारी सकाळी दहाला उपळेकर काकू एकट्याच आल्या. श्रीरंगचं कॉलेजात प्रॅक्टिकल होतं. काकूंनी नेसायला मोतिया रंगाची साडी निवडली होती, हातात नारळ, आणि माझ्याकडं पाहून त्या इतक्या प्रेमानं हसल्या, की मला त्यांचा रागही धड करता येईना.

“शास्त्रीबुवा, आपण मुलीचे काका, हे मी मनात आणत नाही,” त्या पाटावर बसत म्हणाल्या. “आपण अकरा वेळा जे केलंत ते अख्ख्या गावाला ठाऊक आहे. आज जे निघेल ते मला मान्य.”

मी दोघांच्या जन्मवेळा आधीच भरून ठेवल्या होत्या. चौकोनातली निरयनाची खूण तीन वेळा तपासली होती. कागद काढण्याची कळ तेवढी दाबायची होती.

“वैजू, तू ऊठ,” काका म्हणाले. “स्वतःची पत्रिका स्वतः काढलेली बरी दिसत नाही. चहा टाक. कागद मी काढतो.”

“तुम्हाला येईल?”

“पत्ते खेळतो तेव्हा कोण येतं मदतीला?”

मी आत गेले. दूध उतू गेलं, पुसलं, दुसरं ठेवलं. बाहेर प्रिंटरची करकर ऐकू आली. बारावा कागद. ट्रे घेऊन मी दाराशी पोचले तेव्हा काका मोठ्यानं वाचत होते.

“कन्येची लग्नरास वृषभ. मंगळ षष्ठस्थानी. गुण सत्तावीस.”

मी ट्रे स्टुलावर ठेवला नसता तर चहा जमिनीला मिळाला असता.

“सहावा?” उपळेकर काकू म्हणाल्या. “पण सातवा होता ना? सगळं गाव म्हणतं.”

काकांनी कागद खाली ठेवला, चष्मा काढला आणि उपरण्याच्या टोकानं सावकाश पुसला. “जुनं मशीन चुकीचं गणित करत होतं, वहिनी. त्यातली प्रत अस्सल नव्हती. जज्ज इनामदारांना विचारा, त्यांच्या डोळ्यांदेखत उघड झालं.”

“अगंबाई! म्हणजे इतकी वर्षं पोरीला उगाचच...”

“उगाचच,” काका म्हणाले. त्यांनी पेन उघडलं आणि सही केली. नेहमीची वळणदार सही. हात थोडासा थांबला, बस्स.

काकूंनी माझ्या हातावर साखर ठेवली, गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली आणि रडत रडत घरी गेल्या. मी धावत मागच्या अंगणात गेले आणि श्रीरंगला फोन लावला.

“तू काय केलंस?”

“काय केलं?”

“माझ्या नावावर काहीतरी करून ठेवलंयस प्रोग्राममध्ये. मंगळ सहावा आला. मी नाही म्हटलं होतं तुला!”

“सहावा?” पलीकडं पोरांचा गलका होता, त्यातून तो बाजूला गेल्याचं जाणवलं. “वैजयंती, आईच्यान, मी हातही लावलेला नाही. तीन दिवस मी आलोच नाही.”

तो खोटं बोलताना अडखळतो, हे मला कळून चुकलं होतं. तो अडखळला नाही. मी परत येऊन मशीनपुढं बसले. म्हटलं, कुठलंतरी बटण काकांच्या हातून भलतंच दाबलं गेलं असेल, खूण चुकून उडाली असेल. सेटिंग उघडलं.

खूण जागच्या जागी होती. निरयन.

माझी पत्रिका पुन्हा काढली. मेष लग्नरास. मंगळ सातवा.

म्हणजे चुकून काही झालेलं नव्हतं. चुकून खूण उडते, पण चुकून ती परत लागत नाही. कुणीतरी ती काढली होती, एक कागद छापला होता आणि पुन्हा नीट लावून ठेवली होती.

काका झोपाळ्यावर होते. सुपारी कातरत नव्हते, नुसते बसले होते.

“तुम्ही सेटिंग बदललंत,” मी म्हटलं.

“कसलं सेटिंग?”

“आणि परतही लावलंत.”

“लावणारच. दुपारी मसूरचे लोक यायचेत. त्यांच्या मुलाबाळांचा प्रश्न आहे.”

मला हसावं की झोपाळ्याची कडी ओढावी, ते कळेना. “काका, माझी पत्रिका तुम्ही हातानं मांडलीय. मी जन्मले त्या दिवशी. तेव्हा घरात मशीन होतं कुठं चुकायला?”

“वहिनींना ते ठाऊक नाही.”

“मला आहे!” मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडले. “अकरा वेळा, काका! अकरा वेळा तुम्ही लिहून दिलंत. तेव्हा का नाही केलंत हे?”

“तेव्हा मंगळ सातवा होता.”

“आणि आज?”

“आजही सातवाच आहे.” त्यांनी माझ्याकडं पाहिलं. “मला चांगलं ठाऊक आहे तो कुठं आहे ते. म्हणून तर रात्रभर डोळ्याला डोळा नाही. पोरगा सज्जन आहे गं.”

तेव्हा मला कळलं, की या माणसाचा शास्त्रावरचा विश्वास इतकुसाही हललेला नव्हता. मला वाटलं होतं, आजवर जे मानत होते ते त्यांनी सोडलं असेल. सोडलं नव्हतं. एका भल्या मुलाच्या जिवाला आपण धोका केला, असं पक्कं मानत त्यांनी ती सही केली होती.

“मग केलंत कशाला?” मी विचारलं.

“अकरा वेळा नकार गेला, की तू आत जाऊन तासभर झोपायचीस आणि उठून भाजी निवडायचीस. मला वाटायचं, मुलगी खंबीर आहे.” त्यांनी पायानं झोपाळा थांबवला. “या वेळी दोन दिवस आमटीत मीठ नाही. तिसऱ्या दिवशी दोनदा घातलंस. मी म्हातारा झालो, वैजू. मला रोज अशी आमटी झेपणार नाही.”

मी त्यांच्या पायांशी बसून रडले. ते माझ्या डोक्यावर थापट्या मारत राहिले, वेणी घालायचे त्याच जोरानं.

वैशाखात आमचं लग्न झालं. मुहूर्त काकांनीच काढला, निरयन पद्धतीनं. त्याला आता दहा-बारा वर्षं झाली. श्रीरंग ठणठणीत आहे. पोट सुटलंय, केस गेलेत आणि अजूनही वरातीत भेटलेल्या माणसालाही लिनक्सचे फायदे सांगतो. काकांनी लग्नाच्या आठवड्यापासून दर मंगळवारी कडकडीत उपास धरला. कुणी विचारलं तर पोट बरं नाही म्हणायचे. कुणाच्या जिवासाठी तो उपास आहे, हे त्यांनी श्रीरंगला कधी कळू दिलं नाही, आणि श्रीरंगला ते पहिल्याच मंगळवारी कळलं होतं.

राहिला कार्यालयाचा प्रश्न. उपळेकर काकूंच्या पोटात गोष्ट राहणं शक्य नव्हतं. देवस्थळींचं जुनं मशीन चुकत होतं, ही बातमी आठ दिवसांत मलकापूरपर्यंत गेली. लोक जुने कागद घेऊन येऊ लागले. आमची मुलगी नाकारलीत, तेव्हाचं गणित बरोबर होतं कशावरून? आमचं जुळलं म्हणालात, आता दोघं कोर्टात उभी आहेत, तेही मशीनच का? चाळीस वर्षांत ज्यांच्या अक्षरावर कुणी बोट ठेवलं नव्हतं, ते काका सगळ्यांचं शांतपणे ऐकून घ्यायचे. मशीन बरोबर होतं, मी एकदाच खोटं बोललो, एवढं एक वाक्य उच्चारलं असतं तर गेलेलं नाव परत आलं असतं. त्यांनी ते कधीच उच्चारलं नाही.

पहिल्या दिवाळसणाला आम्ही कऱ्हाडला गेलो होतो. उंब्रजचे एक गृहस्थ मुलीची आणि एका मुलाची पत्रिका घेऊन आले. गुण जुळतात का, तेवढं बघायचं होतं.

“गुणमेलन आम्ही आता करत नाही,” काका म्हणाले.

“का हो, शास्त्रीबुवा? एवढं नाव तुमचं.”

“आमचं नवं मशीन फुकटातलं आहे,” काका म्हणाले. “त्यात ती सोय नाही.”

गृहस्थांनी शेजारी बसलेल्या जावयाकडं पाहिलं. शिकलेला दिसत होता, कॉम्प्युटरमधला असावा. ती सोय दोन संध्याकाळ बसून ज्यानं स्वतःच्या हातानं केली होती, त्या श्रीरंगनं चहाचा कप खाली ठेवला आणि गंभीर चेहऱ्यानं मान हलवली.

“नाहीये,” तो म्हणाला. “खूप शोधली.”